स्टेंटची किंमत कळली, रचना कधी कळणार?

२०११ साली उत्तर आयर्लंडमधील बेलफास्टच्या कॉल्म हॅनराटी आणि सायमन वॉल्श या हृदयरोगतज्ज्ञांनी काही रुग्णांचे अनुभव एका वैद्यकीय नियतकालिकात मांडले आणि अँजिओप्लास्टी जिथे केली जाते त्या जगभरच्या कॅथ लॅबमध्ये त्याची चर्चा सुरू झाली. स्टेंट योग्य जागी बसला होता. मग त्यातून दुसरे उपकरण पुढे सरकवताना ते स्टेंटच्या कडेला अडकले आणि धातूची जाळी पेटीच्या भात्यासारखी लांबीच्या दिशेने मिटली. ज्या भागाला आधार द्यायचा, तो उघडा पडला. जिथे जाळी गोळा झाली, तिथे धातूची दाटी झाली. हे काम करणारे हात सराईत होते. मग असे का व्हावे? उत्तराचा मोठा भाग जाळीच्या घडणीत सापडला.

भारतात स्टेंटची चर्चा निघाली की ती किमतीवर येते आणि बहुतेक वेळा तिथेच संपते. २०१७ मध्ये केंद्राने किमतीवर मर्यादा घातली, तेव्हा तर ती घराघरात झाली. ती चर्चा गरजेचीच होती. पण काही मिलिमीटर व्यासाच्या रक्तवाहिनीत आयुष्यभरासाठी बसणारी ही जाळी भिंतीला आधार कसा देते, कुठे कमी पडते, एकीची घडण दुसरीपेक्षा वेगळी का असते, हे रुग्णाला कुणी सांगत नाही आणि रुग्णही विचारत नाही. उपचाराचा खर्च उचलणाऱ्या सरकारी योजना आणि विमा कंपन्या यांच्या बोलण्यातही हा विषय क्वचितच येतो. ही उणीव भरून काढायला हवी, कारण स्टेंटचे खरे काम भिंतीला आधार देणे हेच आहे आणि तो आधार रचनेवर ठरतो.

आधाराची गरज का पडली, हे फुग्याच्या, म्हणजे बलूनच्या, इतिहासात दिसते. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुन्ट्झिग यांनी हृदयाच्या धमनीतील अडथळा पहिल्यांदा फुग्याने उघडला. छाती न उघडता हृदयाचा रक्तपुरवठा मोकळा होऊ शकतो, हे त्या दिवशी सिद्ध झाले. मात्र फुगा काढून घेतल्यावर धमनी तशीच उघडी राहील याची खात्री नव्हती. धमनीची भिंत लवचिक असते, ताणली की परत आकसते. फुग्याच्या दाबाने आतल्या थराला चीर जाते आणि सुटलेला पापुद्रा कधी वाटच बंद करतो. यातून वाचलेल्या रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांची धमनी पुढच्या काही महिन्यांत पुन्हा अरुंद होत असे.

धमनीला आतून टेकू देण्याची कल्पना त्याआधीची आहे. अमेरिकेतील ऑरेगन राज्यातले चार्ल्स डॉटर यांनी १९६९ मध्ये कुत्र्याच्या पायाच्या धमनीत तारेची गुंडाळी बसवून पाहिली होती. माणसाच्या हृदयधमनीत पहिला स्टेंट बसला तो मार्च १९८६ मध्ये, फ्रान्समधील तुलूझ शहरात, झाक प्युएल यांच्या हातून. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे उलरिख सिगवार्ट यांनीही असे स्टेंट बसवले. ते आपोआप उलगडणारे, विणलेल्या तारांचे होते.

पुढे दशकभर ज्या स्टेंटने या क्षेत्रावर ठसा उमटवला, त्याचे जनक मात्र हुलिओ पाल्माझ हे अर्जेंटिनाचे रेडिओलॉजिस्ट. १९७८ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे ग्रुन्ट्झिग यांचे भाषण ऐकून परतताना त्यांच्या डोक्यात फुग्याने उलगडणाऱ्या जाळीची कल्पना घोळत होती. भिंतीला गिलावा करताना वापरतात ती पत्र्याची चिरून ताणलेली जाळी त्यांना गॅरेजमध्ये सापडली. तिच्यातल्या चिरा बंद असताना पत्रा सपाट, ताणला की शंकरपाळ्याच्या आकाराची घरे आणि सोडून दिला तरी ती घरे तशीच उघडी. धातू एका मर्यादेपलीकडे वाकवला की तो मूळ आकाराकडे परतत नाही, या गुणधर्मावर आजचे फुग्याने उलगडणारे सगळे स्टेंट उभे आहेत. हृदयरोगतज्ज्ञ रिचर्ड शॅट्झ यांच्या साथीने हा स्टेंट हृदयाच्या धमनीसाठी घडला आणि १९९४ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली.

त्याच वर्षी युरोपातला ‘बेनेस्टेंट’ आणि अमेरिकेतला ‘स्ट्रेस’ या दोन अभ्यासांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नुसत्या फुग्याच्या तुलनेत स्टेंट बसवल्यास धमनी पुन्हा अरुंद होण्याचे प्रमाण पहिल्या अभ्यासात ३२ वरून २२ टक्क्यांवर आणि दुसऱ्यात सुमारे ४२ वरून ३२ टक्क्यांवर आले. आधार दिला की फरक पडतो, हे आकड्यांनी दाखवले.

पण कोणता आधार?

पाल्माझ-शॅट्झ स्टेंट भक्कम होता, तितकाच ताठही. वळणदार धमनीतून तो पुढे नेता यावा म्हणून सात-सात मिलिमीटरचे दोन ताठ तुकडे एक मिलिमीटरच्या नाजूक दुव्याने जोडले होते. त्यामुळे स्टेंट वाकू लागला, पण बरोबर मध्यावर आधारात खिंड पडली. मेदाचा थर तिथून आत डोकावे आणि धमनी पुन्हा अरुंद होण्याची जागाही अनेकदा तीच निघे. दुसऱ्या टोकाला होते तारेच्या वेटोळ्यांचे स्टेंट. ते कुठेही सहज वळत, पण वेटोळ्यांमधल्या मोठ्या फटींतून भिंत आत येई आणि फुगा काढल्यावर तार थोडी आकसे. अशा वेटोळ्याच्या एका स्टेंटची पाल्माझ-शॅट्झशी थेट तुलना झाली, तेव्हा धमनी पुन्हा अरुंद होण्याचे प्रमाण वेटोळ्यात दुपटीहून अधिक भरले. दोन्ही स्टेंट स्टीलचेच होते, फरक घडणीचा होता.

आजचा स्टेंट या दोन टोकांमधून वाट काढत घडला आहे. त्याच्याकडे भिंगातून पाहिले तर नागमोडी कड्यांची एक रांग दिसते. लगतच्या कड्या छोट्या दुव्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. जाळीतल्या बारीक धातूच्या दांड्यांना स्ट्रट म्हणतात. बहुतेक स्टेंट अखंड धातूच्या नळीतून लेझरने कापतात. एका मोठ्या कंपनीचे स्टेंट मात्र एकच तार नागमोडी वळवून, ती गुंडाळून आणि ठरावीक ठिकाणी लेझरने जोडून घडवले जातात.

कड्या आणि दुवे यांची कामे वेगळी आहेत. धमनीच्या दाबाला कड्या तोंड देतात. त्यांची वळणे किती, किती उंच, तिथे धातू किती रुंद आणि जाड, यावर स्टेंटची बाहेरून आत येणाऱ्या दाबाला टक्कर देण्याची ताकद ठरते. दुवे कड्यांना एकमेकींपासून ठरावीक अंतरावर धरून ठेवतात. ते जास्त असले की जाळीची घरे लहान होतात, भिंत सगळीकडून झाकली जाते आणि लांबीही टिकते. पण असा स्टेंट ताठ होतो आणि धमनीचे नैसर्गिक वळण सरळ करू पाहतो. दुवे कमी ठेवले की स्टेंट धमनीच्या वळणाशी जुळवून घेतो आणि जाळीच्या घरातून फांदीकडे बलून नेणेही सोपे जाते. मात्र वळणाच्या बाहेरच्या बाजूला घरे फाकतात आणि तिथला आधार विरळ होतो. एका गुणासाठी दुसऱ्यावर पाणी सोडावे लागते आणि ही किंमत स्टेंट घडवणाऱ्या प्रत्येक अभियंत्याला मोजावी लागते.

या रचनेचा रक्तवाहिनीच्या पेशींवर होणारा परिणामही मोजला गेला आहे. कॅम्बेल रॉजर्स आणि एलाझर एडेलमन यांनी १९९५ मध्ये सशांच्या धमन्यांवर केलेला प्रयोग या विषयातला मैलाचा दगड ठरला. धातू तोच ठेवून त्यांनी जाळीतली स्ट्रट एकमेकांना मिळतात त्या सांध्यांची संख्या २९ टक्क्यांनी कमी केली. त्याने भिंतीची इजा ४२ टक्क्यांनी, गुठळ्या ६९ टक्क्यांनी आणि आत वाढणारा नवा थर ३८ टक्क्यांनी घटला. एडेलमन यांच्याच गटाने पुढे आडव्या छेदात आठ आणि बारा स्ट्रट असलेल्या स्टेंटची तुलना केली. आठ टेकू असतील तर धमनीचा छेद अष्टकोनाकडे झुकतो, बारा असतील तर वर्तुळाच्या जवळ जातो. बारा टेकूंच्या धमनीत गुठळी आणि नवा थर, दोन्ही कमी आढळले. आधार किती, यासोबत तो किती समान वाटला आहे, हेही धमनी पाहते.

मग प्रश्न आला जाडीचा. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. म्युनिकमध्ये अदनान कास्त्राती आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये ६५१ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना ५० मायक्रॉन जाडीच्या स्ट्रटचा स्टेंट, निम्म्यांना १४० मायक्रॉनचा. बारीक स्ट्रटच्या गटात धमनी पुन्हा अरुंद होण्याचे प्रमाण १५ टक्के होते, तर जाड गटात २५.८ टक्के. दोन वर्षांनी वेगळ्या रचनांवर केलेल्या दुसऱ्या अभ्यासातही निकालाची दिशा तीच राहिली. जाड स्ट्रट रक्ताच्या वाहत्या थरात उंच उभी राहते, तिच्या मागे प्रवाह मंदावतो आणि गुठळी धरायला जागा मिळते. बारीक स्ट्रटवर भिंतीच्या पेशींचे अस्तरही लवकर चढते.

त्याच सुमारास औषधी लेपाचे स्टेंट आले. १९९९ मध्ये ब्राझीलच्या साओ पाउलो शहरात एदुआर्दो सूझा यांनी सिरोलिमस हे औषध सोडणारा स्टेंट पहिल्यांदा माणसात बसवला. २००३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेला ‘सायफर’ हाच. औषधाने नव्या थराची वाढ रोखली आणि रचनेचा प्रश्न काही काळ मागे पडला. सायफरची जाळी १४० मायक्रॉनच्या स्टीलची, दाट दुव्यांची आणि ताठ होती. लेप उत्तम असूनही हृदयाच्या ठोक्यासोबत सर्वाधिक वाकणाऱ्या उजव्या धमनीत ती तुटल्याची उदाहरणे पुढे आली. काही वर्षांनी उशिरा होणाऱ्या गुठळ्यांचा धोका समोर आला आणि औषधाइतकेच लक्ष पुन्हा लेपाकडे आणि जाळीकडे वळले.

हृदय दिवसाला सुमारे एक लाख वेळा धडकते. दहा वर्षांच्या वापराइतका ताण तपासायचा म्हणून स्टेंटला प्रयोगशाळेत सुमारे ४० कोटी वेळा दाबून आणि सोडून पाहतात. इतक्या आवर्तनांत बारीक धातूने तग धरायचा तर धातूच बदलायला हवा होता. कोबाल्ट-क्रोमियम आणि पुढे प्लॅटिनम-क्रोमियम या मिश्रधातूंनी ते साधले. २००८ मध्ये अमेरिकेत आलेल्या ‘झायन्स’ची स्ट्रट ८१ मायक्रॉनची होती, म्हणजे सायफरपेक्षा जवळजवळ ४० टक्के बारीक. स्टेंट बारीक झाले, लवचिक झाले, अवघड वळणांतून सहज पुढे जाऊ लागले.

बेलफास्टच्या डॉक्टरांनी जे पाहिले, ते याच वाटेवरच्या एका वळणावर घडले. लवचिकतेसाठी काही नव्या स्टेंटमध्ये दोन कड्यांमध्ये फक्त दोनच दुवे ठेवले होते. बाहेरून येणाऱ्या दाबाला त्यांच्या कड्या व्यवस्थित तोंड देत होत्या, पण लांबीच्या दिशेने ढकलले तर प्रतिकार करायला दुवे अपुरे पडत. न्यूझीलंडमधील जॉन ऑर्मिस्टन यांच्या गटाने प्रयोगशाळेच्या टेबलावर वेगवेगळे स्टेंट दाबून पाहिले आणि दोन दुव्यांच्या रचना अधिक मिटतात, हे दाखवले. सर्वाधिक मिटला तो प्लॅटिनम-क्रोमियमचा ‘एलिमेंट’. इंग्लंडमधील एका पाहणीत ४,४५५ प्रक्रियांपैकी ९ मध्ये स्टेंट मिटल्याचे आढळले. एकूण प्रमाण एक हजारात दोन, पण या एका रचनेपुरते ते १०० स्टेंटमागे ०.८६ इतके होते. मोठ्या तुलनात्मक अभ्यासात याच स्टेंटचे एकंदर निकाल झायन्सच्या तोडीचे होते, हेही तितकेच खरे. कंपनीने पुढच्या आवृत्तीत अगदी पहिल्या कड्यांमध्ये जादा दुवे घातले, कारण उपकरणे बहुधा तिथेच अडकतात. बाकीची लवचिकता तशीच राहिली. दोष कळला, मोजला गेला, जाहीरपणे चर्चिला गेला आणि रचना सुधारली. विज्ञान असे पुढे जाते, पण त्यासाठी कुणीतरी दोष लिहून ठेवावा लागतो.

विरघळणाऱ्या स्टेंटने तर रचनेचा धडा अधिक कठोरपणे शिकवला. धमनी बरी होईपर्यंत आधार द्यावा आणि काही वर्षांत नाहीसे व्हावे, ही ‘अब्सॉर्ब’मागची कल्पना देखणी होती. भारतात तो २०१२ पासून उपलब्ध होता आणि अमेरिकेने जुलै २०१६ मध्ये त्याला मान्यता दिली. पण तो पॉलिलॅक्टिक आम्लाच्या बहुवारिकाचा होता आणि असा पदार्थ धातूइतका भक्कम नसतो. पुरेसा आधार मिळावा म्हणून स्ट्रट सुमारे १५० मायक्रॉन जाड आणि रुंदही ठेवाव्या लागल्या. ठरलेल्या मापापेक्षा जास्त फुगवले तर त्या तुटत. काहींमध्ये विरघळण्याच्या काळात तुकडे प्रवाहात लोंबू लागले. नेदरलँड्समधील ‘आयडा’ अभ्यासात दोन वर्षांत गुठळीचे प्रमाण धातूच्या स्टेंटमध्ये ०.९ टक्के, तर अब्सॉर्बमध्ये ३.५ टक्के निघाले. सप्टेंबर २०१७ मध्ये कंपनीने त्याची विक्री थांबवली. कल्पना मात्र संपली नाही. गुजरातेतील वापीच्या मेरिल कंपनीने १०० मायक्रॉनचा विरघळणारा स्टेंट घडवला. गुडघ्याखालच्या धमन्यांसाठी ९९ मायक्रॉन जाडीच्या विरघळणाऱ्या स्टेंटला अमेरिकेने २०२४ मध्ये मान्यता दिली.

‘सर्वात चांगला स्टेंट कोणता’ या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नाही. धमनीची जागा बदलली की उत्तर बदलते.

महाधमनीतून हृदयधमनी जिथे फुटते, त्या मुखाशी भिंत जाड आणि लवचिक असते, फुगवली तरी जोराने आकसते. तिथे आकसण्याला दाद न देणारी भक्कम कडी हवी. डाव्या मुख्य धमनीचा व्यास अनेकदा साडेचार ते पाच मिलिमीटर असतो, पण तिच्या फांदीचा तीन ते साडेतीन. फांदीच्या मापाने निवडलेला स्टेंट मुख्य धमनीत पुढे फुगवावा लागतो. प्रत्येक रचनेला फुगण्याची मर्यादा असते. ती ओलांडली की कड्यांची वळणे सरळ होतात, घरे फाकतात आणि आधार कमी होतो. एकाच नावाचा स्टेंट लहान आणि मोठ्या धमन्यांसाठी दोन-तीन वेगळ्या जाळ्यांत घडवतात. म्हणून सव्वातीन आणि साडेतीन मिलिमीटरच्या मापांमध्ये फक्त पाव मिलिमीटरचा फरक आहे असे समजणे चुकीचे, कधी कधी जाळीच वेगळी असते. धमनी दोन फांद्यांत विभागते त्या दुभाजनाच्या जागी फांदीकडे जाता येईल अशी मोठी घरे लागतात. नागमोडी उजव्या धमनीत वाकूनही न तुटणारी जाळी लागते. आणि भिंतीत कॅल्शियमचा जाड थर असेल तर कोणताही स्टेंट एकट्याने पुरा पडत नाही. आधी तो थर घासून किंवा ध्वनिलहरींच्या धक्क्यांनी फोडावा लागतो, नाहीतर उत्तम जाळीही अर्धवट फुलते.

या संदर्भात भारतातल्या घडामोडी पाहायला हव्यात. १९९०च्या दशकात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम आणि हैदराबादचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. सोमा राजू यांनी संरक्षण संशोधनातला अनुभव वापरून देशी स्टेंट घडवला. तो ‘कलाम-राजू स्टेंट’ म्हणून ओळखला जातो. स्टेंट भारतात होऊ शकतो, हे त्याने दाखवले. आज सुरतेत आणि वापीत होणारे ६० ते ६५ मायक्रॉन जाडीचे औषधी स्टेंट जगात सर्वात बारीक स्ट्रटच्या स्टेंटमध्ये मोडतात. सुरतच्या ‘सुप्राफ्लेक्स’ची झायन्सशी थेट तुलना करणारा ‘टॅलेंट’ अभ्यास २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. युरोपातील २३ केंद्रांवर १,४३५ रुग्णांवर हा अभ्यास झाला. वर्षभरात स्टेंटशी संबंधित गंभीर घटनांचे प्रमाण सुप्राफ्लेक्समध्ये ४.९ टक्के आणि झायन्समध्ये ५.३ टक्के होते, म्हणजे भारतीय स्टेंट तोडीस तोड ठरला. ‘परदेशी टाका, देशी नको’ हा आग्रह आजही अनेक रुग्णांचे नातेवाईक धरतात. त्याला शास्त्रीय आधार उरलेला नाही. मात्र हेही लक्षात ठेवायला हवे की ‘टॅलेंट’चा निकाल त्या एका स्टेंटचा आहे. देशी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक जाळीला त्याचे श्रेय आपोआप मिळत नाही.

किमतीचा निर्णय याच पार्श्वभूमीवर तोलायला हवा. वकील बिरेंदर सांगवान यांच्या दिल्ली उच्च न्यायालयातील याचिकेनंतर स्टेंट अत्यावश्यक औषधांच्या यादीत आले. १३ फेब्रुवारी २०१७ रोजी राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने साध्या धातूच्या स्टेंटला ७,२६० रुपये आणि औषधी स्टेंटला २९,६०० रुपये कमाल दर ठरवला. त्याआधी एका औषधी स्टेंटसाठी रुग्णाकडून लाखाहून अधिक रुपये घेतले जात. अवाजवी नफ्याची ही साखळी तोडणारा निर्णय न्याय्य होता. नवीन रचनेला वेगळा, चढा दर द्या, ही कंपन्यांची मागणी सरकारने मान्य केली नाही. तेही योग्यच झाले, कारण नवीन म्हणजे चांगले असे गृहीत धरता येत नाही. अब्सॉर्ब हा त्या काळातला सर्वात नवा आणि महागडा स्टेंट होता आणि त्याच वर्षी तो बाजारातून गेला.

पण एकच दर ठरवताना सगळे औषधी स्टेंट एकाच माळेत ओवले गेले आणि त्यांच्यात फरक काय, हे तपासण्याची जबाबदारी कुणावरच राहिली नाही. किंमत समान झाल्यावर खरे तर निवड गुणवत्तेवर व्हायला हवी. त्यासाठी गुणवत्ता उघड दिसायला हवी. औषधाच्या गोळीवर घटक छापलेले असतात. स्टेंट किती आकसतो, लांबीच्या दाबाला किती टिकतो, कुठपर्यंत फुगवता येतो, कोणत्या मापापासून जाळी बदलते, ही माहिती मात्र सामान्य माणसाला सापडेल अशा एका ठिकाणी नाही.

म्हणून चार गोष्टी व्हायला हव्यात.

पहिली, देशात विक्रीची परवानगी मिळालेल्या प्रत्येक स्टेंटची टेबलावरच्या चाचण्यांची आकडेवारी एकाच पद्धतीने मोजून सार्वजनिक संकेतस्थळावर ठेवावी. या चाचण्या परवानगीसाठी होतच असतात. त्या फाइलीत पडून राहण्याचे कारण नाही.

दुसरी, सरकारी खरेदी आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसारख्या योजनांनी स्टेंट निवडताना दरासोबत रचनेचाही विचार करावा. रुग्णालयात डाव्या मुख्य धमनीसाठी पुरेसा फुगणारा मोठा स्टेंट आणि वळणदार धमनीसाठी लवचिक स्टेंट, असे किमान दोन प्रकार हाताशी असावेत. सर्वात कमी दराची एकच जाळी प्रत्येक धमनीत बसवणे हे काटकसर म्हणूनही महाग पडते, कारण अपुऱ्या आधारामुळे दुसरी अँजिओप्लास्टी करावी लागली तर पहिली बचत त्यात बुडते.

तिसरी, आधार खरोखर मिळाला की नाही हे आतून पाहण्याचा खर्च योजनांनी आणि विम्याने उचलावा. अँजिओग्राफीत धमनीची फक्त सावली दिसते. धमनीच्या आतून अल्ट्रासाउंड किंवा प्रकाशकिरणांनी चित्र घेतले तर स्टेंट पूर्ण फुलला का, भिंतीला टेकला का, मिटला का, हे कळते. दक्षिण कोरियातील १,६३९ रुग्णांच्या अभ्यासात, गुंतागुंतीच्या अडथळ्यांत असे चित्र घेऊन केलेल्या प्रक्रियेनंतर हृदयाच्या कारणाने मृत्यू, त्याच धमनीमुळे आलेला हृदयविकाराचा झटका किंवा तिच्यावर पुन्हा उपचार यांचे एकत्रित प्रमाण १२.३ वरून ७.७ टक्क्यांवर आले. हा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. युरोपीय हृदयरोग संघटनेने २०२४ मध्ये डावी मुख्य धमनी, दुभाजन आणि लांब अडथळे यांसाठी आतून चित्र घेण्याची सर्वोच्च श्रेणीची शिफारस केली. ज्या चित्राने धोका इतका घटतो, ते फक्त ज्याला परवडते त्याला मिळावे, हे मान्य करता येणार नाही.

चौथी, मिटलेला, तुटलेला, अर्धवट फुललेला स्टेंट आढळला की त्याची नोंद व्हावी. वैद्यकीय उपकरणांचे दुष्परिणाम नोंदवण्यासाठी देशात २०१५ पासून मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम चालू आहे. डॉक्टरांना दोषी ठरण्याच्या भीतीशिवाय तिथे नोंद करता यायला हवी. बेलफास्टच्या डॉक्टरांनी आपल्या टेबलावर घडलेले उघड सांगितले म्हणून जाळी सुधारली. आपल्याकडच्या कॅथ लॅबमध्ये घडलेले आपल्याच कारखान्यांपर्यंत पोहोचले, तर देशी स्टेंट अधिक चांगले होतील.

या सगळ्याची सुरुवात रुग्णाला आजही करता येते. २०१७ च्या आदेशानुसार रुग्णालयाने बिलात स्टेंटची किंमत स्वतंत्र दाखवणे आणि त्यासोबत ब्रँडचे नाव, उत्पादक आणि बॅच क्रमांक नोंदवणे बंधनकारक आहे. स्टेंटच्या खोक्यावर माप आणि क्रमांक असलेले स्टिकरही असते. घरात कुणाची अँजिओप्लास्टी झाली असेल तर हे स्टिकर आणि डिस्चार्ज कार्ड मागून घ्या आणि दोन्ही जपून ठेवा. स्टेंट किती मिलिमीटर व्यासाचा आणि किती लांबीचा, तो कोणत्या धमनीत बसला, आतून चित्र घेऊन पाहिला का, हे डॉक्टरांना विचारा. पुढे कधी पुन्हा कॅथ लॅबमध्ये जायची वेळ आली, तर समोरच्या डॉक्टरला सगळ्यात आधी हीच माहिती लागेल.